छोट्या बोर्डाला माइक जोडताना: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांच्या टिंकरिंग लॅबमधून, घरी बसून आर्डुइनोशी (प्रोग्रॅम लिहून चालवायच्या छोट्या बोर्डाशी) खटपट करणाऱ्या मुलांकडून आणि काही आंबा बागायतदारांकडून पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा कोडवर संशय असतो. अडचण मात्र कोडच्या आधीच, तारेत असते: माइकमधून निघणारा सिग्नल आपल्याला वाटतो त्याहून फारच लहान असतो. म्हणून खालच्या उत्तरांत आधी मल्टिमीटर आणि मग कोड, असाच क्रम दिसेल.

माइक म्हणून दुकानदार चार वेगवेगळ्या वस्तू दाखवतो. पहिला कोणता घेऊ?

आवाज किती मोठा आहे ते बघायचं असेल, तर मॅक्स ४४६६ चिप असलेलं छोटं मॉड्यूल घ्या. त्यावर माइकची कॅप्सूल आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही असतात, आणि मागच्या बाजूच्या प्रीसेटने (स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या रेझिस्टरने) गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, २५ पासून १२५ पटीपर्यंत बदलता येतो. शिकायला याहून चांगलं काही नाही.

मॅक्स ९८१४ चं मॉड्यूल दिसायला तसंच, पण स्वभावाने वेगळं. आवाज लांबून आला की ते गेन आपोआप वाढवतं, जवळून आला की कमी करतं. बोलणं ऐकायला हे उत्तम, आवाज मोजायला बिलकूल नको. कारण कुजबुज आणि आरोळी यांतला फरकच ते पुसून टाकतं.

तिसरं, निळा प्रीसेट आणि एलएम ३९३ चिप असलेलं स्वस्त ‘साउंड सेन्सर’ मॉड्यूल. किटमध्ये हेच येतं आणि सर्वांत जास्त गोंधळ यानेच होतो. त्यातली चिप हा कंपॅरेटर आहे. ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज गेला का, एवढंच हो-नाही ते सांगतं. त्याच्या अ‍ॅनालॉग पिनवर येतो तो कॅप्सूलचा कच्चा, न वाढवलेला सिग्नल. तो वाचून ‘माइक खराब निघाला’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. माइक बिचारा ठीक असतो.

चौथा आयएनएमपी ४४१ सारखा डिजिटल माइक. तो ईएसपी ३२ या वायफाय असलेल्या बोर्डासाठी. त्याबद्दल पुढे आहे.

नुसती दोन पायांची कॅप्सूल आहे. एक पाय ग्राउंडला, दुसरा आर्डुइनोच्या ए-० या अ‍ॅनालॉग पिनला लावला. आकडा हलतच नाही.

हलणार नाही. या कॅप्सूलला इलेक्ट्रेट माइक म्हणतात. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी तो बनवला. आतल्या पातळ फिल्मवर कायमचा विद्युतभार साठवलेला असतो, त्यामुळे स्टुडिओच्या कंडेन्सर माइकसारखं ४८ व्होल्ट बाहेरून द्यावं लागत नाही. पण फिल्मच्या मागे एक इवलासा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो, आणि त्याला चालायला करंट लागतोच. म्हणून ५ व्होल्टपासून २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून कॅप्सूलच्या पॉझिटिव्ह पायाला पुरवठा द्यायचा. निगेटिव्ह पाय कोणता? जो धातूच्या डबीला जोडलेला दिसतो तो. दिसत नसेल तर मल्टिमीटर बझरवर ठेवून डबी आणि पाय तपासा.

एवढं केलं तरी आकडा हललाच तर जेमतेम हलेल. का, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

साध्या कॅप्सूलची संवेदनशीलता साधारण एका पास्कलला ६ मिलिव्होल्टच्या आसपास असते. एक पास्कल म्हणजे ९४ डेसिबल, म्हणजे चांगलाच मोठा आवाज. एक मीटरवर बसून माणूस सहज बोलतो ते सुमारे ६० डेसिबल. ३४ डेसिबल कमी म्हणजे दाब ५० पटींनी कमी. तेव्हा कॅप्सूलमधून निघणार सुमारे ०.१२ मिलिव्होल्ट. आर्डुइनो उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो; एक भाग येतो ४.९ मिलिव्होल्टचा. तुमचं बोलणं त्या एका भागाच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढं आहे. बोर्डाला ते दिसणारच नाही, कोड कितीही बदला.

आता १०० पट गेन लावा. ०.१२ चे झाले १२ मिलिव्होल्ट (हे आरएमएस, म्हणजे एक प्रकारचं सरासरी माप आहे), वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत धरले तर ३४, म्हणजे उनोवर सात आकडे. खाली ५०९, वर ५१६. एवढंच! मुलं म्हणतात, ‘सर, ५१२ च्या आसपासच फिरतंय’. ते बरोबरच फिरतंय. मोठा फरक बघायचा असेल तर माइकच्या वीतभर अंतरावरून बोला, नाहीतर गेन वाढवा.

अ‍ॅम्प्लिफायर घरीच ब्रेडबोर्डवर बनवता येईल का?

येईल, आणि एकदा तरी बनवाच. एमसीपी ६००२ हा ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप) घ्या; तो १.८ ते ६ व्होल्टवर चालतो आणि त्याचं आउटपुट पुरवठ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत जातं. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये लावून मधला २.५ व्होल्टचा बिंदू तयार करा, आणि त्या बिंदूवरून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. तिथून १०० किलोओहम ऑप-अ‍ॅम्पच्या प्लस इनपुटला. कॅप्सूलचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून याच प्लस इनपुटला आणा. आउटपुटपासून मायनस इनपुटला १०० किलोओहम, आणि मायनस इनपुटपासून १ किलोओहम व त्याच्या पुढे १० मायक्रोफॅरड असे ग्राउंडला. गेन झाला १०१.

तो शेवटचा कपॅसिटर गाळू नका. त्याच्यामुळे स्थिर व्होल्टेजला गेन एक पटच मिळतो आणि आउटपुट २.५ व्होल्टवर निवांत बसतं. तो नसेल तर २.५ व्होल्टही १०१ पट व्हायला बघतात आणि आउटपुट वरच्या टोकाला चिकटून राहतं.

एलएम ३५८ दुकानात लगेच मिळतो, चालतोही. पण ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट साधारण साडेतीन व्होल्टच्या वर जात नाही, त्यामुळे मोठा आवाज वरून कापला जातो. एलएम ३८६ स्पीकर वाजवायला चांगला. त्याला किमान ४ व्होल्ट लागतात, म्हणजे ३.३ व्होल्टच्या बोर्डांवर तो उपयोगाचा नाही.

मॅक्स ४४६६ उनोला नेमकं कसं जोडायचं?

ग्राउंड ग्राउंडला, आउट ए-० ला, आणि पुरवठा ५ व्होल्टऐवजी ३.३ व्होल्टच्या पिनवरून. यूएसबीच्या ५ व्होल्टमध्ये लॅपटॉपची बरीच घाण येते, ३.३ व्होल्ट बोर्डावरच्या रेग्युलेटरमधून गाळून येतात.

तार लावल्यावर लगेच स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) टाकू नका. मल्टिमीटर डीसीवर ठेवून आउट आणि ग्राउंडमधलं व्होल्टेज बघा. शांत खोलीत ते पुरवठ्याच्या निम्मं, म्हणजे १.६५ च्या जवळ हवं. शून्य आलं किंवा ३.३ आलं, तर तार सुटली आहे, सोल्डरचा डाग नीट बसलेला नाही किंवा मॉड्यूल गेलं आहे. तिथेच थांबून ते शोधा.

मग कोड. उनो मुळात ५ व्होल्टच्या मानाने मोजतो, म्हणून १.६५ व्होल्टला आकडा ३३८ च्या आसपास दिसेल. पूर्ण पट्टा वापरायचा असेल तर ३.३ ची पिन एरेफ पिनलाही (कशाच्या मानाने मोजायचं ते ठरवणारी पिन) जोडा आणि स्केचच्या सुरुवातीला, पहिल्या वाचनाच्या आधी, रेफरन्स ‘एक्स्टर्नल’ ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे: एरेफला बाहेरून व्होल्टेज लावलेलं असताना जुन्याच सेटिंगवर वाचन घेतलं तर चिपच्या आतला रेफरन्स आणि बाहेरचा पुरवठा एकमेकांना भिडतात आणि चिप बिघडू शकते.

शांत असतानाही शून्य का येत नाही? आणि सरासरी काढली तर आवाज असो-नसो, आकडा तोच. असं का?

आवाज म्हणजे हवेच्या दाबाचं मागे-पुढे होणं. सिग्नलही मधल्या व्होल्टेजच्या वर आणि खाली जातो. पडवीतला झोपाळा कितीही जोरात हलला तरी त्याच्या जागांची सरासरी मधेच येते, तसंच हे. सरासरी काढली की नेमका आवाजच हरवतो.

करायचं असं: ५० मिलिसेकंद न थांबता वाचत राहा, त्या वेळातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा लक्षात ठेवा, शेवटी मोठ्यातून लहान वजा करा. ही वजाबाकी म्हणजे आवाजाची पातळी. ५० मिलिसेकंद अशासाठी की २० हर्ट्झचा अगदी खर्जातला आवाजसुद्धा तेवढ्यात एक फेरी पुरी करतो. उनो एका वाचनाला साधारण ११० मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे तेवढ्या वेळात चारशेच्या वर वाचनं होतात.

‘टाळी मारून मारून हात दुखाक लागले, तरी लाइट पेटणा नाय.’

कुडाळहून आलेला हा प्रश्न जसाच्या तसा ठेवला आहे, कारण अडचण सगळ्यांचीच आहे. टाळीचा मुख्य धक्का काही मिलिसेकंदांत संपतो. बोर्ड त्या क्षणी ऐकत असला पाहिजे.

बहुतेक स्केचमध्ये प्रत्येक वाचनानंतर आकडा सिरियल मॉनिटरवर छापलेला असतो. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिटच्या वेगावर) एक अक्षर पाठवायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तीन आकडे आणि ओळ बदलण्याची दोन चिन्हं मिळून पाच मिलिसेकंद गेले. म्हणजे सेकंदाला नऊ हजारांवर वाचनं करू शकणारा बोर्ड दोनशेवर आला. त्यात कुणी शंभर मिलिसेकंदांचा डिले टाकलेला असला की संपलंच; टाळी बरोबर त्या डुलकीत निघून जाते. बॉड ११५२०० करा, डिले काढा, आणि फक्त ५० मिलिसेकंदांची वजाबाकी छापा. मग सिरियल प्लॉटर उघडून टाळी वाजवा. टाळीचं टोक किती वर जातं आणि नुसत्या बोलण्याचं किती, ते डोळ्यांनी बघून त्या दोहोंच्या मध्ये मर्यादा ठरवा. दुसऱ्या कुणाच्या स्केचमधली मर्यादा तुमच्या खोलीत चालेलच असं नाही.

लाइट लागल्याबरोबर पुन्हा विझत असेल तर रिले (दिवा लावणारा-विझवणारा, विजेवर चालणारा स्विच) ऐका. त्याचा खटका माइकला टाळीसारखाच ऐकू येतो. रिले बदलल्यावर अर्धा सेकंद माइककडे दुर्लक्ष करा.

आणि २३० व्होल्टची बाजू मुलांनी एकट्याने जोडू नये. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तर मोठ्यांनीही नाही. शिकताना रिलेवर १२ व्होल्टचा एलईडी दिवा लावा, शिकणं तेवढंच होतं.

पत्र्यावर पाऊस सुरू झाला की टाळीचा स्विच आपोआप लागतो. उपाय?

ठरलेली मर्यादा ठेवू नका. पाऊस, पंखा, समुद्राची गाज हे सतत चालणारे आवाज आहेत. टाळी एकदम चढते आणि लगेच उतरते. म्हणून गेल्या काही सेकंदांची सर्वसाधारण पातळी सतत मोजत राहा आणि नवा आवाज तिच्या तीन-चार पट झाला तरच दखल घ्या. वर आणखी अट घाला: एका सेकंदाच्या आत दोन टाळ्या, आणि त्यांच्यामध्ये शांतता. आषाढातल्या मुसळधार पावसात पत्र्याखाली मात्र टाळी खरोखरच बुडून जाते. तिथे साधं बटण लावणं जास्त शहाणपणाचं.

उलट बाजूने, पत्र्याखाली लावलेला माइक पावसाचा जोर छान दाखवतो. किती मिलिमीटर पडला ते सांगणार नाही, पण सर केव्हा आली, किती वेळ टिकली, केव्हा वाढली, याचा आलेख निघतो. शाळेतल्या पर्जन्यमापकाशेजारी ठेवून दोन्ही नोंदी ताडून बघण्यासारख्या आहेत.

कोकणातल्या हवेत माइक टिकतो का?

टिकवला तर टिकतो. पुण्यात उघड्या टेबलावर वर्षभर चाललेली मांडणी मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर एका पावसाळ्यात कुरकुरू लागते, आणि त्याची कारणं साधी आहेत.

पहिलं म्हणजे ब्रेडबोर्ड आणि जंपर. खाऱ्या हवेत त्यांच्या स्प्रिंगवर आणि पिनांवर थर चढतो, जोडणी कधी लागते कधी नाही. मोटर किंवा एलईडीला ते चालून जातं, कारण तिथे व्होल्ट मोठे आहेत. माइकच्या मिलिव्होल्टला नाही. हललेला जंपरसुद्धा आवाजासारखा दिसतो. चालू झालेली मांडणी ब्रेडबोर्डवर ठेवू नका, झिरो पीसीबीवर सोल्डर करा. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, नाहीतर तो दमट हवेत ओल धरतो.

दुसरं, खुद्द कॅप्सूल. आतल्या ट्रान्झिस्टरच्या गेटवर इतका सूक्ष्म भार असतो की ओलाव्याच्या थरातूनही तो गळतो. मग माइक मंद होतो किंवा तडतडतो. कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत एक-दोन दिवस ठेवला तर पुष्कळदा पूर्ववत होतो. चुलीजवळ किंवा हॉट एअरखाली शेकवू नका. उष्णतेने फिल्मवरचा भार कायमचा जातो. कॅप्सूलला डाग देतानाही हात चटकन उचला.

तिसरं, डबी. बाहेर लावायचा माइक खाली तोंड करून लावा. पीव्हीसी पाइपचा एल्बो खाली वळवून त्यात कॅप्सूल बसवली की पाऊस सरळ आत येत नाही. तोंडाला बारीक जाळी लावा. मुंग्या आणि कुंभारमाश्या अशा भोकाच्या शोधातच असतात. वाऱ्यासाठी जाळीवर स्पंज. किनाऱ्यावरचा वारा थेट माइकवर आला तर बाकी काहीच ऐकू येत नाही.

डबी बंद करायला सिलिकॉन वापरताना वास घ्या. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं, आणि बंद डबीत तेच तांब्याला आणि डागांना खातं. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं असेल तेच घ्या. बोर्डावर संरक्षक लॅकर मारणार असाल तर आधी माइकचं भोक चिकटपट्टीने झाका.

आणि वीज. मे-जूनमध्ये आणि पुन्हा परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की लांब तारांवर लावलेला बोर्ड चार्जरपासून सोडवून ठेवा.

सतत घरघर येते. मोबाइल जवळ आणला की वाढते.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घरघर गेली तर ती विजेच्या ५० हर्ट्झची आहे. जुन्या घरांत अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लावल्यावर हमखास येते. गेली नाही तर कॅप्सूल आणि अ‍ॅम्प्लिफायरमधली तार बघा. ती तीन-चार सेंटिमीटरच्या वर नको. लांब हवीच असेल तर शील्डची तार घ्या. अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढची तार मीटर-दोन मीटर चालते, कारण तिथे सिग्नल मोठा झालेला असतो. मॉड्यूलच्या पुरवठ्यावर, अगदी पायांजवळ, १० आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा. एवढ्याने बहुतेक घरघर जाते.

ईएसपी ३२ ला काय वेगळं करावं लागतं?

त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. मॉड्यूलला ५ व्होल्ट देऊन त्याचं आउटपुट ईएसपीला लावू नका. अ‍ॅनालॉगसाठी ३२ ते ३९ यांपैकीच पिन घ्या. बाकीच्या अ‍ॅनालॉग पिना वायफाय सुरू झाल्यावर वाचता येत नाहीत. ‘वायफाय टाकलं आणि माइक मेला’ या तक्रारीचं कारण हेच. शिवाय या चिपचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) दोन्ही टोकांना सरळ मोजत नाही.

म्हणून ईएसपीवर मी आयएनएमपी ४४१ च सुचवेन. तो आकडेच पाठवतो, त्यामुळे मिलिव्होल्टची कटकट उरत नाही. पुरवठा ३.३ व्होल्ट, घड्याळ, शब्द आणि डेटा अशा तीन तारा, आणि एल-आर पिन ग्राउंडला म्हणजे तो डाव्या चॅनलवर बोलतो. सगळे शून्यच येत असतील तर नव्वद टक्के ही पिन मोकळी सोडलेली असते किंवा कोड उजवा चॅनल वाचत असतो. तारा आखूड ठेवा. सेकंदाला १६ हजार नमुन्यांसाठीसुद्धा (नमुना म्हणजे आवाजाचं एक वाचन) घड्याळाच्या तारेवर दहा लाखांच्या वर ठोके असतात. या माइकचं भोक मॉड्यूलच्या बोर्डातूनच असतं. डबीत बसवताना तेच गोंदाने बुजवू नका. उनोमध्ये हा माइक वाचायची सोय नाही.

भजनी मंडळाचा मोठा माइक आहे, तो जोडू का? अ‍ॅम्प्लिफायरमधून वायर घेऊ का?

भजनात वापरतात तो बहुधा डायनॅमिक माइक असतो. त्याला पुरवठा लागत नाही, वरचा २.२ किलोओहमचा रेझिस्टर त्याला लावू नका. सिग्नल मात्र एक-दोन मिलिव्होल्टचाच, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर हवाच. डबलबारीच्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरच्या तारा बोर्डाला कधीही लावू नका, त्यांवर कित्येक व्होल्ट असतात. लाइन-आउट असेल तर त्यातून कपॅसिटर आणि मधल्या व्होल्टेजचा डिव्हायडर लावून सिग्नल घेता येतो.

गणपतीत मंडपाजवळ डेसिबल दाखवणारा बोर्ड लावायचा आहे.

लावा, पण काय दाखवता हे स्पष्ट ठेवा. डेसिबलचा आकडा म्हणजे दोन पातळ्यांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम गुणिले २०. पातळी दुप्पट झाली की ६ डेसिबल वाढले, एवढं तुमचा बोर्ड बरोबर सांगू शकतो. पण ती पातळी ७० ची ७६ झाली की ८० ची ८६, हे त्याला कळण्यासाठी खऱ्या ध्वनिमापकाशेजारी ठेवून जुळवून घ्यावं लागतं. मोबाइलच्या अ‍ॅपशी जुळवणं म्हणजे ढोबळ अंदाज.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घालतात, रात्र म्हणजे १० ते ६. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. ही मापं माणसाच्या कानाप्रमाणे वजन दिलेली आणि काही काळाची सरासरी धरलेली असतात. तुमच्या मॉड्यूलचा आकडा घेऊन कुणाशी वाद घालायला जाऊ नका. मंडळाला स्वतःला ‘आता कमी करूया’ एवढं कळलं तरी त्याचं काम झालं.

गेन सर्वांत कमी ठेवा. ढोल-ताशाजवळ ११० डेसिबल सहज होतात, म्हणजे कॅप्सूलमधून ३८ मिलिव्होल्टच्या आसपास. २५ पट गेनलाच टोकापासून टोकापर्यंत पावणेतीन व्होल्ट होतात. १२५ ला ठेवलात तर आलेख वर-खाली सपाट कापला जाईल आणि ढोल कितीही जोरात वाजला तरी आकडा तोच राहील. मॅक्स ९८१४ इथे का नको, हे सुरुवातीला आलंच आहे.

देवगडला कलमांची बाग आहे. वानर आले की बोर्डाने ओळखून फोनवर कळवावं, असं होईल का?

होऊ शकतं, पण नुसत्या आवाजाच्या पातळीवरून नाही. वानराचा हुप्प, कुत्र्याचं भुंकणं आणि शेजारच्याची बुलेट यांची पातळी सारखीच असू शकते. फरक आवाजाच्या पोतात आहे, आणि तो ओळखायला बोर्डाला शिकवावं लागतं. ईएसपी ३२ किंवा आर्डुइनो नॅनो ३३ बीएलई सेन्स घ्या. दुसऱ्यावर माइक आधीच बसवलेला येतो. सेकंदाला १६ हजार नमुने घेऊन एकेका सेकंदाचे तुकडे करायचे, त्यांना नावं द्यायची आणि छोटं मॉडेल तयार करायचं. एज इम्पल्ससारख्या साधनाने हे शाळेतल्या मुलांनाही जमतं.

खरी मेहनत रेकॉर्डिंगची आहे. नेटवरून घेतलेल्या वानराच्या आवाजावर शिकवलेलं मॉडेल तुमच्या बागेत फसेल. तुमच्याच बागेतले, तुमच्याच माइकवर घेतलेले आवाज हवेत. वानरांचे जेवढे, त्याच्या कितीतरी पट ‘वानर नाही’ असे: झावळ्यांची सळसळ, कोकीळ, राखणीच्या माणसाची हाळी, फवारणीचा पंप, पाऊस. आणि वानर गप्पपणे येऊन आंबे खात बसले तर माइक काहीच सांगणार नाही, हेही लक्षात असू दे. राखणीला मदत म्हणून हा प्रयोग मला मनापासून करावासा वाटतो. राखणीऐवजी म्हणून नाही.

नारळाच्या खोडातला सोंड्या भुंगा ऐकू येतो म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. त्याची अळी खोड आतून कुरतडते आणि तो आवाज पकडण्यावर बऱ्याच देशांत संशोधन झालं आहे. हवेतला माइक इथे चालत नाही. खोडाला घट्ट टेकणारी पायझो चकती (कंपनाचं व्होल्टेज करणारी) लागते. एक लांब स्क्रू खोडात घालून त्याच्या माथ्यावर चकती चिकटवतात. चकतीला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर लावा, आणि बोर्ड वाचवण्यासाठी क्लॅम्प डायोड. कारण चकतीवर टिचकी मारली तरी तिच्यातून बरेच व्होल्ट निघतात. पुढे वरचाच ऑप-अ‍ॅम्प. वारा पडलेला असताना ऐका. खोडाचं डोलणं आणि झावळ्यांचं घासणं चकतीला फार मोठं ऐकू येतं.

बेडकांचे आवाज वेगवेगळे ओळखायचे आहेत. उनो पुरेल?

सुरुवातीला पुरेल. सेकंदाला ८ हजार नमुने घेतले तर ४ हजार हर्ट्झपर्यंतचे सूर दिसतात. नमुन्यांच्या निम्मीच मर्यादा असते. १२८ नमुन्यांचा एफएफटी (आवाजातले सूर वेगळे काढणारं गणित) केला की ६२.५ हर्ट्झची एक पायरी पडते. उनोची मेमरी २ किलोबाइट, त्यामुळे याहून फार पुढे जाता येत नाही. डराव डराव करणारा मोठा बेडूक खालच्या सुरांत आणि झुडपातले बारीक बेडूक वरच्या सुरांत, एवढं वेगळं काढता येतं. आंबोलीला जाणार असाल तर रात्री बेडकांच्या जागेत शिरून बॅटऱ्या मारू नका. डबी संध्याकाळीच ठेवून या आणि सकाळी उचला.

आवाज साठवता येईल?

उनोवर पाव सेकंद. ईएसपीवर १६ हजार नमुने, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. एसडी कार्ड लावा. पातळीच हवी असेल तर साठवू नका. रस्त्याकडेला किंवा शेजाऱ्याच्या पडवीजवळ माइक लावताना त्यांना सांगूनच लावा.

सुटे भाग कुठे मिळतील?

मोठ्या गावांतल्या टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानांत रेझिस्टर, कपॅसिटर, एलएम ३५८ मिळतात. मॉड्यूल कुरिअरने मागवा, नाहीतर मुंबईला जाणाऱ्याला लॅमिंग्टन रोडची चिठ्ठी द्या. बंद पडलेल्या मोबाइल हेडसेटमध्येही चालू कॅप्सूल असते.

लाइट गेले की सगळं बंद. बागेत तर लाइटच नाही. पॉवरबँकवर चालेल?

घरात चालेल. पण बोर्ड करंट इतका कमी घेतो की पुष्कळ पॉवरबँका ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून स्वतःच बंद होतात. बागेसाठी १८६५० चा (पुन्हा चार्ज होणारा लिथियम) सेल, त्याचं संरक्षण करणारं चार्जिंग मॉड्यूल आणि लहान सोलर पॅनेल बरं. श्रावणात ऊन मिळेलच असं नाही, म्हणून बोर्ड झोपवून ठेवावा लागतो. ईएसपी ३२ गाढ झोपेत अगदी थोडा करंट घेतो. अडचण एवढीच की झोपेत तो माइक वाचत नाही. इथे ते एलएम ३९३ वालं स्वस्त मॉड्यूल कामाला येतं: त्याला ३.३ व्होल्ट द्या आणि डिजिटल पिन ईएसपीच्या जागं करणाऱ्या पिनला जोडा. मोठा आवाज झाला की बोर्ड उठेल, चांगल्या माइकने ऐकेल आणि पुन्हा झोपेल. आवाज झाल्यावर ती पिन वर जाते की खाली, हे आधी मीटरवर बघून घ्या, आणि त्या मॉड्यूलवरचा पॉवरचा एलईडी काढून टाका. तो रात्रंदिवस सेल खात राहतो.